तोंड बघायचे तीन पौंड

सोलापूर,
१२ नोव्हेंबर १९७२

चि. बिराप्पास,
धुळाप्पाचे आशीर्वाद.

मुलगी झाल्याचं तुझं पत्र पोहोचलं. घरी न लिहिता लेस्टरच्या गिरणीच्या पत्त्यावर लिहीत जा म्हणालास, म्हणून तिथंच लिहितो. तुझ्या मायाक्कावहिनीनं गल्लीत साखर वाटली. माझ्या टॉवेलच्या कारखान्यातसुद्धा बातमी गेली. मालक म्हणाले, "धुळाप्पा, तुमचा भाऊ विलायतेत बाप झाला, पेढे कुठं आहेत?"

आई आता आमच्याकडं अक्कलकोट रोडच्या खोलीत असते. यंदा पावसानं पाठ फिरवली हे तुला वर्तमानपत्रातून कळलंच असेल. माळावर काडी उरली नाही. दसऱ्यानंतर सगळी मेंढरं मंगळवेढ्याच्या बाजारात दिली. चाळीस वर्षांची सवय. आई अजून पहाटे उठून मेंढरांची जाळी सोडायला म्हणून दारापर्यंत जाते आणि रस्त्यावरची सायकलींची रांग बघून परत येते.

परवा तुझा फोटो हातात घेऊन म्हणाली, "बिराप्पाच्या मुलखात लई मेंढरं असत्यात म्हनं, हिरव्या रानात, पांढरीफेक. मला एकदा नातीचं तोंड बघू द्या आन् ती मेंढरं." लग्न तू तिकडंच केलंस, सुमित्रालाही तिनं अजून पाहिलेलं नाही. तेव्हा तिला एक खेप तिकडं आणायची तर काय काय करावं लागतं, ते सविस्तर कळव. तिकीट कुठं काढायचं हेसुद्धा मला माहीत नाही.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या पाकिटामागं 'बी. के. पाटील' असं छापलेलं होतं. पाकीट कुणा दुसऱ्याचं होतं का?

तुझा,
अण्णा


लेस्टर,
३ डिसेंबर १९७२

ती. अण्णास,
साष्टांग नमस्कार.

आईची इच्छा वाचून फार बरं वाटलं. पण हे वाटतं तितकं सोपं नाही. विमानाचं जाऊन-येऊन भाडं पाच हजारांच्या वर आहे, म्हणजे तुझा दीड-दोन वर्षांचा पगार. मी पाठवलं असतं, पण नुकतंच घर घेतलं, त्याचे हप्ते चालू आहेत. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय तिकीटच देत नाहीत, आणि माणूस निघाला की सरकार त्याला हातखर्चाला फक्त तीन पौंड देतं. तीन पौंडांत म्हातारं माणूस वाटेत अडलं तर काय करणार? दोन-तीन वर्षं जाऊ देत, मीच येईन.

पाटील हे गिरणीत सोयीचं पडतं. कोकरे हा उच्चार या लोकांना जमत नाही.

मुलीचं नाव मीनल ठेवलं आहे.

बिराप्पा


सोलापूर,
७ जानेवारी १९७३

चि. बिराप्पास आशीर्वाद.

भाड्याची काळजी सोड. नवी पेठेत चनमल्लप्पा म्हणून गृहस्थ आहेत. यात्रेच्या मोटारी ठरवून देता देता आता विमानाची तिकिटं काढून देतात. मी गेलो तर म्हणाले, "कूड्री कोकरे, बसा. विमान म्हंजे लगीनघरची मोटार हो. एकटा गेला की महाग, वऱ्हाड गेलं की सस्त." मी म्हणालो, आमचं वऱ्हाड एका म्हातारीचं. तर म्हणाले, "वऱ्हाड मी जमवतो की. पर कायदा असा हाय, सगळी एका मंडळाची माणसं पायजेत, सहा म्हयन्यांचं जुनं सभासद. जाताना संगट, येताना संगट. तवा तिकीट निम्म्यात."

तर त्यांनी मागची तारीख घालून 'दख्खन लोककला मंडळ' काढलं आहे. सभासद सगळे ज्यांची मुलं विलायतेत आहेत असे म्हातारे. निवृत्त हेडमास्तर महादेवप्पा आहेत. शांतम्मा म्हणून एक बाई आहेत, त्यांचा मुलगा तुझ्याच लेस्टरात आहे. एकालाही धड टाळ वाजवता येत नाही. मी हे हसत हसत आईला सांगितलं, तर ती हसली नाही. म्हणाली, "गायाचं म्हनून निम्मं भाडं घ्यायचं आन् गायाचं न्हाई? बिरोबा बघतोय की वरनं. बाकीच्यांचं त्येंनी बघावं. मी गानार."

तेव्हापासून रोज सकाळी चुलीपुढं घसा साफ करणं चालू आहे. तुला आठवत असेल, जात्यावर म्हणायची ती:

*उंच माळावरी बाई, मेंढरांचा तळ,*
*माझ्या बिराप्पाच्या पायी न्हाई टोचत कुसळ.*

मायाक्का थट्टेनं म्हणाली, "आत्याबाई, ह्यांच्या पायात कुसळं मोडली तरी चालत्याल जनू." तर आई म्हणते, "धुळाप्पा जवळ हाय, त्येला कशाला ववीत घालू? लांब असतंय त्येचंच नाव घ्याचं असतंय."

पैसे मेंढरांचे आले होते ते तिनं काढून दिले, थोडे माझे घातले. मेंढरं तिला कधी नाही ती विमानात बसवणार. परवानगीचे कागद चनमल्लप्पा मुंबईहून करून आणतात. आणि ते तीन पौंड वाटखर्चाला नाहीतच. तिनं सांगून ठेवलंय, "तितल्या पोरीच्या हातावर तितलंच पैसं ठेवाय पायजेत. तोंड बघायचं पैसं हायत ते. मला कशाला खर्च? बिराप्पा हाय की."

जूनमध्ये निघायचं आहे.

पाटील इंग्रजाला जमतं आणि कोकरे जमत नाही, म्हणजे त्याची जीभही आपल्या गावच्या चावडीवरच तयार झालेली दिसते.

अण्णा


लेस्टर,
३० जानेवारी १९७३

ती. अण्णास सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी फार अस्वस्थ झालो. अशा मंडळाच्या भानगडीत आईला का घातलंस? इथं विमानतळावर चौकशी करतात. तिनं कुणापुढं गाऊबिऊ नये.

आणखी काही गोष्टी नीट सांगतो, राग मानू नकोस. लेस्टरला मराठी लोकांचं एक मंडळ आहे. सुमित्राचे वडील त्याचे अध्यक्ष. ही सगळी शिकलेली, पुण्या-मुंबईची माणसं. मी इथं आलो तेव्हा पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, गावाकडं काय असतं? मी म्हणालो, शेतीवाडी. ती पुढं वाढत गेली. आता ती बरीच मोठी आहे आणि तिथं वाडा आहे. मी काही एकदम खोटं बोललो नाही, थोडं थोडं होत गेलं.

तर आईनं घोंगडी आणू नये, इथं घरं गरम असतात. मी एक कोट पाठवतो, तो लुगड्यावर घालावा. कपाळावरचं गोंदण पदरानं झाकलं तर बरं. मेंढरांचा विषय काढू नये. आणि कुणी आडनाव विचारलंच तर तिनं गप्प राहावं, मी सांगेन.

हे तिला वाचून दाखवू नकोस.

बिराप्पा


सोलापूर,
१८ फेब्रुवारी १९७३

चि. बिराप्पा,

तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. आई समोर बसली होती, पाकीट तिनं ओळखलं होतं, तेव्हा काहीतरी वाचणं भाग होतं. मी वाचलं की तिकडं फुलं फार उमलली आहेत आणि तू तिच्यासाठी कोट पाठवतो आहेस. कोटाचं ऐकून तिनं दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी तेच शब्द मला आठवेनात.

ती वाडा-शेतीची गोष्ट तुझी तू निस्तर. मला एकच विचारायचं आहे, आणि त्याचं उत्तर एका शब्दात दे. आईला येऊ देऊ की नको? नको म्हणालास तर मी तिला सांगेन की रिझर्व्ह बँकेनं परवानगी नाकारली. बँकेवर ती रागावेल आणि विसरून जाईल. चनमल्लप्पा मार्चअखेरपर्यंत पैसे परत देतात, पुढं देत नाहीत.

अण्णा


लेस्टर,
१० मार्च १९७३

ती. अण्णास सा. न.

येऊ दे. विमानतळावर मी असेन.

तू जे वाचून दाखवलंस त्याबद्दल काय लिहू कळत नाही.

बिराप्पा


लेस्टर,
१ जून १९७३

ती. अण्णास सा. न.

घाईत लिहितो आहे. गिरणीनं नवी यंत्रं बघायला मला अचानक जर्मनीला पाठवायचं ठरवलं आहे. संपूर्ण जून महिना मी इथं नसेन. सुमित्रालाही लहान मुलीला घेऊन विमानतळावर येणं जमणार नाही. आईचं तिकीट पुढं ढकलता येत असेल तर बघ. येत नसेल तर चनमल्लप्पांना सांग, पैसे बुडाले तर मी पाठवीन.

फार वाईट वाटतं आहे. माझा नाइलाज आहे.

बिराप्पा


सोलापूर,
१२ जून १९७३

चि. बिराप्पा,

तुझं पत्र आज मिळालं. आईचं विमान शनिवारीच गेलं. तार केली असतीस तर वेळेत मिळाली असती. तार का केली नाहीस हे मी विचारत नाही.

मी तिला मुंबईपर्यंत सोडायला गेलो होतो. तू पाठवलेला कोट घालूनच ती सोलापूरहून निघाली. जूनचा उकाडा, रेल्वेत बायका वळून वळून बघत होत्या. मी म्हणालो, काढून ठेव. तर म्हणाली, "बिराप्पा लांबनं कोट बघून मला वळखंल की." घोंगडी मात्र सोडली नाही, वळकटी करून काखेत. बँकेच्या माणसानं तीन कोऱ्या नोटा हातावर ठेवल्या तेव्हा तिनं आधी त्या कपाळाला लावल्या, मग पदराच्या गाठीत बांधल्या.

आता ती तिथं उतरली असेल. तू नाहीस, सुमित्राला ती ओळखत नाही, पत्ता गिरणीचा आहे. शांतम्मांचा मुलगा न्यायला येणार होता, त्याच्याबरोबर गेली असावी असं धरून चाललो आहे. जर्मनीत हे पत्र तुला कसं मिळेल? पण दुसरं काही करता येत नाही म्हणून लिहितो आहे. सगळ्यांना मिळून तीन आठवड्यांनीच परत यायचं आहे, मधे एकट्याला येता येत नाही. स्वस्त तिकिटाची हीच अट आहे.

अण्णा


सोलापूर,
८ जुलै १९७३

चि. बिराप्पास अनेक आशीर्वाद.

मला क्षमा कर. मागच्या पत्रात मी तुला फार टोचून लिहिलं. तू खोटं बोलतो आहेस असंसुद्धा मनात आलं होतं. आई सुखरूप परत आली. मी तुझ्या जर्मनीचं काढलं, तर तिनं सगळं सांगितलं. आधी दोन आठवडे ती शांतम्मांच्या मुलाकडं राहिली. मग तू जर्मनीचं काम टाकून आलास, तिला मोटारीनं घरी नेलंस, सुमित्रानं पुरणपोळी केली, मीनल तिच्या मांडीवर झोपली. गल्लीतल्या बायका रोज संध्याकाळी येऊन ऐकतात आणि रोज त्यात काहीतरी नवीन निघतं. काल तुमच्या घरात जिना निघाला.

मेंढरंही बघितली म्हणे, आगगाडीच्या खिडकीतून. "लई धष्टपुष्ट हायत. पर संगं मानूस न्हाई. कुनाला हाक मारायची त्येंनी?"

एक किरकोळ गोष्ट. न वापरलेलं परदेशी चलन परत भरायचं असतं, असा चनमल्लप्पांचा निरोप आला. मी म्हणालो, आमचे पौंड नातीच्या हातावर गेले. आईनं चुलीत लाकूड सारलं. परवा मायाक्कानं तिचं लुगडं धुवायला घेतलं, तर पदराची गाठ होती तशीच. आत तिन्ही नोटा. मी विचारलं, तर म्हणाली, "इसरले."

आईला काही विसरताना मी आजवर पाहिलेलं नाही. पण आनंदात माणसाचं होतं असं. शांतम्मा भेटल्या तेव्हा मी सहज विचारलं, त्या म्हणाल्या, "तुमच्या आईनं आमची लाज राखली," आणि चपला शोधायला लागल्या. त्याचा अर्थ मला लागला नाही. तुला लागत असेल तर कळव.

अण्णा


लेस्टर,
२९ जुलै १९७३

ती. अण्णास,

तुझं पत्र खिशात घेऊन मी बरेच दिवस हिंडलो. गिरणीच्या जेवणघरात बसून हे लिहितो आहे. घरी लिहिता येत नाही.

मी जर्मनीला गेलो नव्हतो. तिला मोटारीनं नेलं नाही, पुरणपोळी नाही. आईनं सांगितलेलं त्यातलं काही घडलेलं नाही. आमच्या घराला जिना मात्र आहे. तिला तो कसा कळला, मला माहीत नाही.

घडलं ते असं. आमच्या इथल्या मंडळाला कुठूनसं कळलं की 'दख्खन लोककला मंडळ' गावात उतरलं आहे. माझ्या सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं त्यांचा कार्यक्रम ठरवला, हॉल घेतला, चिठ्ठ्या छापल्या. ती म्हातारी माणसं हबकून गेली असणार. नाही म्हणावं तर पितळ उघडं पडतं. सुमित्रा चिठ्ठी नाचवत आली. "अहो, तुमच्या सोलापूरकडचे लोक आहेत, चला." मला डोकं दुखत असल्याचं सांगताही येईना, मी मंडळाचा चिटणीस आहे.

मी मागं दाराशी उभा राहिलो. हेडमास्तर महादेवप्पांनी लोककलेवर भाषण केलं. फार लांबलं. लोक चुळबुळ करायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "कला केव्हा?" तेव्हा आई उठली. मी पाठवलेला कोट तिनं काढून शांतम्मांच्या मांडीवर ठेवला, घोंगडी अंथरली, त्यावर बसली आणि समोर जातं असल्यासारखा हात फिरवत गायला लागली. अण्णा, हॉल शांत झाला. सासरे पुढच्या रांगेत मान डोलावत होते. मला वाटत होतं जमिनीत जावं, आणि त्याच वेळी मला ते थांबायला नको होतं.

मग ती ओवी आली. उंच माळावरी बाई, मेंढरांचा तळ. पुढं माझं नाव येणार म्हणून मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. हात क्षणभर थांबला. मग ती म्हणाली,

*कुनाच्या गं लेकराच्या पायी न्हाई टोचत कुसळ.*

एवढंच. आणि पुढं गात राहिली.

कार्यक्रम संपल्यावर सुमित्रा मीनलला घेऊन त्या गाणाऱ्या आजींच्या पाया पडायला गेली. मला हाका मारत होती. मी बाहेर जाऊन मोटारीत बसलो. तिथं काय झालं मला माहीत नाही. सुमित्रा परत येऊन म्हणाली, "किती गोड बाई आहेत हो, हिला सोडतच नव्हत्या." मी गाडी सुरू केली.

शांतम्मांच्या बोलण्याचा अर्थ तू विचारलास, तो वर आला. गाठीत राहिलेल्या नोटांचा अर्थ राहिला. तो मला लागतो.

सुमित्राला अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवतो. आईला हे पत्र खरं वाचून दाखव, फुलंबिलं घालू नकोस.

बिराप्पा


सोलापूर,
१९ ऑगस्ट १९७३

बिराप्पा बाळा,

म्या अंबुबाई सांगती, धुळाप्पा लिवतोय. त्येला म्हनलं, जसं बोलती तसंच लिव, साळंतलं करू नगंस.

तुजं पत्र त्येनं वाचलं. निम्म्यात त्येनं कागद खाली ठेवला, मग मायाक्काच्या थोरल्या भनीच्या जावयाला बोलवून वाचून घ्यायची पाळी आली आसती, पर म्या म्हनलं राहू दे, मला ठावं हाय फुडचं. मी हुतेच की तितं.

तुला म्या शिरतानाच बघितलं हुतं. केस मागं गेल्यात तुजं, तुज्या बापागत. हाक मारावी म्हनलं तर तू दाराला धरून उबा. मेंढरू जाळीतनं पळायच्या बेतात आसलं की आसं उबं ऱ्हातंय. तवा वरडायचं नसतंय, वरडलं की जातंय. म्हनून नाव घेतलं न्हाई.

हितं आल्यावर जे सांगितलं ते गल्लीसाठी. बाया इच्यारायच्या, काय केलं लेकानं? मग काय सांगायचं? लाज तुजी हुती, पर उत्तर मला द्यायचं हुतं. जिना शांतम्माच्या लेकाच्या घरातला हाय, त्यो तुज्या घरात घातला.

सून भली हाय. पाया पडली. पोरीला माज्या मांडीवर दिली आन् म्हनली, आजी आशीर्वाद द्या. पोरीचं नाक धुळाप्पागत हाय. म्या कडाकडा बोटं मोडली, दिष्ट काडली. गाठीला हात बी गेला. मग म्हनलं, आता पैसं ठेवलं तर ही इच्यारंल, आजी, तुमी कोन? मग हात काडून घेतला.

तवा तोंड बघितलं, पर परक्या बाईनं बघितलं. त्ये धरत न्हाईत. पैसं गाठीत हायत. पोरीला घिऊन ये, संगं सुनंला आन. आलास की मी ववीत तुजं नाव घीन, तवर न्हाई. आन् तिकीट काडताना सस्तं बघत बसू नगंस. सस्त्यात लई अटी असत्यात.

तुजी आई

ता. क. आईनं सांगितलं तसं लिहिलं. खाडाखोड आहे ती माझी. चनमल्लप्पांचा माणूस पुन्हा येऊन गेला, बँक विचारते आहे म्हणून. मी जाऊन लिहून दिलं की तीन पौंडांच्या नोटा प्रवासात गहाळ झाल्या. कारकुनानं काही न विचारता शिक्का मारला. खाली कोकरे अशी स्वच्छ सही केली. आपल्या घरात खोटं आता मलाही सरावानं जमायला लागलं आहे. ते लवकर थांबेल असं कर.

धुळाप्पा